पहिली दहा मिनिटं

माझी थोरली बहीण वीज कंपनीत मीटर रीडर आहे. इमारती पालथ्या घालायच्या, जिने चढायचे, मीटरवरचे आकडे टिपायचे. आणि आमच्या घरात ती लहानपणापासून आळशी म्हणून प्रसिद्ध होती. ही प्रसिद्धी पसरवण्यात माझाही हात होता.

शाळेच्या शर्यतीत ती वीस-तीस पावलांवर बसकण मारायची. सकाळी दप्तर पाठीला लावून निघालो की पहिल्याच चढावर थांबून पोटऱ्या चोळायची. ‘पाय भरून आले’ हे तिचं पालुपद. आई कावायची, “अगं, उंबरा ओलांडून पाच मिनिटं नाही झाली, आणि भरले पाय?” पण खरा संताप यायचा तो पुढचं बघून. जरा वेळ बसली, मग रमतगमत चालली, की बाईसाहेब ठणठणीत. आम्हालाच मागे टाकायची. अशा दुखण्यावर कोण विश्वास ठेवणार? मी तिला ‘नाटककंपनी’ म्हणायचो.

बरेच डॉक्टर करून झाले. एकाने लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने टॉनिक. तिसरा म्हणाला, लग्न झालं की होईल सगळं ठीक. लग्न झालं, ठीक काही झालं नाही. भावजींनी जड उचलायची कामं मुकाट्याने स्वतःकडे घेतली, एवढाच काय तो फायदा.

नोकरीतही तेच. दिवसाच्या पहिल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसलेली असायची. नंतरच्या चार इमारती मात्र न थांबता.

“बाई, तक्रार आलीये,” साहेब म्हणाले. “तुम्ही जिन्यात बसून असता म्हणे.”

“साहेब, माझे आकडे सगळ्यांच्या आधी येतात.”

“मग बसता कशाला?”

ताई सांगणार काय? तिचं तिलाच कळत नव्हतं.

गेल्या वर्षी ऑफिसचं गोदाम रिकामं करायचं निघालं. जुन्या मीटरची खोकी वरून खाली न्यायची होती. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई बसतील, आपण उचलू.” ताईचं डोकं फिरलं. तिने एकामागून एक बावीस खोकी उतरवली. हात पेटले तरी थांबली नाही. शेवटी मुठी मिटल्या त्या उघडेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. “अरे, दंड लाकडासारखे झालेत. आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय.”

मी काय म्हणालो? “पाणी पी जरा जास्त.” आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

भावजींनी तिला दवाखान्यात नेलं. दंडांचे स्नायू फुटले होते, त्यांतला रंग रक्तातून लघवीत उतरला होता. मूत्रपिंडं वाचवण्यासाठी सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढल्या. चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “त्रास सुरू झाला आणि तुम्ही थोडं थांबलात, तर पुढे काय होतं?”

ताई म्हणाली, “पुढे काहीच होत नाही. मग मी पळूसुद्धा शकते.”

“किती वेळाने?”

“आठ-दहा मिनिटांनी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

दोन महिन्यांनी, ताई सावरल्यावर, तपासणी झाली. एक मिनिटभर मूठ जोरात आवळायची, आणि त्याच हाताचं रक्त आधी एकदा आणि नंतर चार-पाचदा काढायचं. निरोगी माणसाच्या रक्तातलं लॅक्टेट नावाचं द्रव्य यात तिपटी-चौपटीने वाढतं. ताईचं जागचं हललं नाही. जनुकांच्या तपासणीतही जन्मजात दोष निघाला.

“एकदम जोर लावला की स्नायूंना लागेल तेवढा ऑक्सिजन लगेच पोचत नाही,” डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. “तोवर पेशी त्याच्याशिवाय भागवतात. साठवलेली साखर तोडून चटकन शक्ती काढतात, मागे लॅक्टेट उरतं. तुमच्याकडे साठा भरपूर आहे, पण तो फोडणारं एन्झाइमच जन्मापासून नाही. थोड्या वेळाने रक्तातून साखर येते, चरबी येते, ऑक्सिजन येतो, आणि तुमचं गाडं सुरळीत होतं.”

“म्हणजे इतरांच्या अंगात ते लॅक्टेट बनतं, ते चांगलंच?” मी विचारलं.

“जिना पळत चढताना चांगलंच. पण रक्तात जंतू पसरले, रक्तदाब कोसळला, आणि पडल्यापडल्या ते वाढू लागलं, तर आमचं धाबं दणाणतं. यांचं वाढायला हवं तेव्हाच वाढत नाही.”

मला वाटलं, ताईला हायसं वाटेल. ती भडकली. “एकेचाळीस वर्षं! एवढा एक प्रश्न विचारायला एकेचाळीस वर्षं लागली?” औषध नाही, हे तर बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना अजून सांगायचंच होतं. कामाची सुरुवात हळू करायची, जिन्याआधी थोडी साखर तोंडात टाकायची, जड काही उचलायचं नाही, लघवीचा रंग बदलला तर धावत यायचं. बस, एवढंच.

आईने लगेच निकाल दिला, “हिच्या बापाकडूनच आलं असणार.”

“आजी, हे आई-बाप दोघांकडूनही यावं लागतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आई दोन दिवस डॉक्टरीणबाईंवर रागावून होती.

साहेबांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं. “मग बऱ्या कधी होणार?”

“नाही होणार, साहेब.”

“तसं कसं? रजा किती लिहू?”

हे संभाषण तीनदा झालं. अखेर साहेबांची बदली झाली आणि नव्या बाईंनी ताईला बैठ्या घरांचा भाग दिला.

मी माफी मागायला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ताईने अर्ध्यातच तोडलं. “ते राहू दे. आतल्या खोलीतलं कपाट त्या भिंतीला सरकवायचंय.”

सरकवलं. घामाने निथळलो. तिने ते रिकामंसुद्धा केलं नव्हतं.