जेवली काय, असं विचारणारा फोन

यवतमाळच्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर आम्ही तिघं वेळेआधी पाऊण तास पोचलो होतो. बाबांनी माझी बॅग डिकीत ठेवली, काढली, पुन्हा दुसरीकडे ठेवली. क्लीनरला त्यांनी तीनदा सांगितलं की पोरगी पहिल्यांदाच पुण्याला चालली आहे. आई अंगणवाडीतून थेट आली होती, ड्युटीच्या साडीतच, हातात तिळाच्या चटणीचा डबा. गाडी सुटायला आली तेव्हा बाबा खिडकीजवळ येऊन म्हणाले, "तिकडं तोंड सांभाळून बोलजो. हासतात लोक." मला राग आला. निरोपाच्या वेळीही हे शिकवणं सुटत नाही, असं वाटलं. आई डबा वर देऊन बाजूला झाली.

त्याला नऊ वर्षं झाली. हे मी लिहितेय ते तिकडे राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखंच ट्रॅव्हल्सने इकडे येऊन पडलेल्या तुमच्यासाठीही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो फोन आला असेल. त्यामुळे सांगणं भाग आहे.

पहिलं वर्ष हिंजवडीत एका होस्टेलवर काढलं. एका खोलीत चौघी, सकाळी कंपनीच्या बसची धावपळ, संध्याकाळी त्याच रस्त्यावर दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून डुलक्या. बाबांचं मी ऐकलं. 'बोलजो', 'करून राहिली', 'काऊन' हे सगळं सहा महिन्यांत तोंडातून गेलं. ते नेमकं कधी गेलं, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

त्याच वर्षी आईसाठी तांब्याचा हंडा घ्यायला कसबा पेठेत गेले होते. आपल्याकडच्या पद्धतीने दुकानदाराशी बोलायला सुरुवात केली. धंदा कसा आहे, ऊन फार आहे, दुकान किती जुनं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आपल्याला हंडा हवाय, की ओळख?" मी हंडा घेतला आणि गप बाहेर पडले. हंडा मात्र उत्तम निघाला, आई अजून वापरते.

आपल्याकडे कापडाच्या दुकानात आधी पाणी येतं. मग गाव कोणतं, मामा कोण, यंदा लग्न कोणाचं. साडी सगळ्यात शेवटी. पुण्यात वस्तू समोर, किंमत चिठ्ठीवर, बोलायचं कारणच नाही. तेव्हा मला हा उद्धटपणा वाटायचा. पुढे कळलं की तोही एक मान आहे, समोरच्याचा वेळ न खाण्याचा. हे कळलं म्हणूनच मला नोकरीत बरे दिवस आले, कारण माझं कामच या फरकावर चालतं. आमची जाहिरात कंपनी एकच वस्तू दहा भाषांत विकून देते. मिक्सर तोच, पण कुठे सांगायचं की आवाज कमी आहे, कुठे सांगायचं की दाण्याचं कूट बारीक होतं, आणि कुठे फक्त सासूला खूश दाखवायचं. पुण्यातल्या लोकांसाठीचं लिहिणं मी पुण्यातल्या लोकांपेक्षा चांगलं करते, असं माझा बॉस अभिजित म्हणतो. तो जन्मापासून कसब्यातला, त्यामुळे हे कौतुकच धरायचं.

दोन वर्षांपूर्वी एका तयार मसाल्याचं काम आलं. मसाला विदर्भात विकायचा होता, फोनवरून. आधी भरून ठेवलेला आवाज लोकांना फोन लावतो, चाळीस सेकंदांची जाहिरात ऐकवतो. पुण्यात हे लावून पाहिलं होतं. लोक चार सेकंदांत फोन ठेवत होते, काही जण ठेवण्याआधी त्या यंत्रालाही दोन शब्द सुनावत होते.

"तुझ्याकडचे लोक थांबतील असं काहीतरी लिही," अभिजित म्हणाला.

सुरुवात कशाने करायची, इथेच मी अडले. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे पहिल्या शब्दातच माणूस कोण ते कळतं. आमच्या घरी फोन उचलला की जय भीम. शेजारच्या काकू राम राम म्हणतात, चौकातले चाचा सलाम. एक निवडलं की बाकीचे परके होतात, आणि मसाला तर सगळ्यांना विकायचा होता. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं. सगळ्यांच्या घरी, कोणत्याही नमस्कारानंतर, एक प्रश्न येतोच. जेवली काय?

मी लिहिलं, "काय करून राहिली वं बाई? जेवली काय?" आणि त्यापुढे तीन सेकंद मोकळे सोडायला सांगितले. आपल्याकडे हा प्रश्न विचारून कोणी उत्तराआधी पुढे जात नाही. न थांबता पुढे गेलं की लगेच कळतं, खोटं आहे. त्यानंतर "आज भाजीत काय टाकलं?" पुन्हा तीन सेकंद. मग मसाला.

आवाज देणारी बाई मुंबईची होती, चांगली कलाकार, पण तिच्या तोंडून आपली बोली सिनेमातल्या गड्यासारखी निघत होती. मला ते सहन होईना. मी आईचे व्हॉट्सअॅपवरचे तीन-चार आवाजी निरोप तिला ऐकायला पाठवले. असं बोल, म्हटलं. आईला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंही नाही, आणि याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते. बाईने चार दिवसांत आईचा हेल, आईचं थांबणं, 'बाई' म्हणतानाचा आईचा खाली येणारा सूर, सगळं उचललं. स्टुडिओत ते ऐकताना मला भरून आलं होतं. कामाचं समाधान, असं मी त्याला तेव्हा नाव दिलं.

फोन सुरू झाले आणि लोक थांबले. कंपनीत केक कापला गेला. मसालेवाल्यांना हीच युक्ती आता छत्तीसगडमध्ये, बुंदेलखंडात, त्यांच्या त्यांच्या बोलीत हवी होती, आणि त्या सगळ्याची प्रमुख मी होणार होते. धायरीतल्या फ्लॅटचे नवे पडदे मी त्याच आठवड्यात घेतले.

लोक कुठे थांबतात आणि कुठे फोन ठेवतात, हे पाहायला आम्ही भरून घेतलेले काही कॉल ऐकतो. मी कानाला हेडफोन लावून बसले. तोवर माझा समज असा होता की लोक जाहिरात ऐकताहेत. ते उत्तरं देत होते. एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, "जेवलो बाई. तू कोनाची?" एक बाई म्हणाली, "नाई वं, आज उपास हाय." कोणी सांगितलं की दाढ दुखते. त्या तीन सेकंदांत माणसं खरं बोलत होती, आणि पलीकडे कोणीच नव्हतं.

पंचवीस-तीस कॉल ऐकल्यावर आईचा आवाज आला. यादीत तिचा नंबर कुठून आला कोण जाणे, बहुतेक अंगणवाडीच्या कामातून कुठेतरी दिलेला असेल.

"जेवली वं," आई म्हणाली. आणि मग हळूच, "शालू? शालूच न?"

शालूमावशी ही आईची धाकटी बहीण, पुसदला असते. सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत बाबांचं नाव राहून गेलं. राहिलं की मुद्दाम वगळलं, यावर दोन्ही घरांत एकमत झालं नाही, आणि दोघी बहिणींचं बोलणं बंद पडलं. आई तिचं नाव काढत नसे. आम्हीही काढत नव्हतो.

हेडफोनमध्ये तो आवाज विचारत होता, आज भाजीत काय टाकलं. आणि आई सांगत होती, "काय टाकतं बाई, वांगे केले. तुले आवडते तसे, तीळ कुटून." पुढे मसाल्याचं नाव आलं. आई म्हणाली, "हालो? शालू? हालो?"

मी हेडफोन काढला आणि जिन्यात जाऊन रडले. नंतर आईला फोन केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, काय विशेष. तिने आधी टाळलं. मग सांगितलं की चार दिवसांपूर्वी शालूचा फोन आला होता, पण मधात जाहिरात घुसली आणि लाइन तुटली. म्हणून हिनेच उलट फोन लावला.

"मग?"

"शालू म्हने, मी काऊन लावू तुले फोन? अन् ठेवून देला." मग म्हणाली, "मी आपल्याच हातानं लहान झाली, प्रज्ञा. जाऊ दे. तू सांग, बरी हाय न?"

मी बरी आहे म्हणाले. सांगायला हवं होतं ते तेव्हा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अभिजितकडे गेले. पहिल्या वाक्यात कंपनीचं नाव यायला हवं, आणि प्रश्नांपुढची मोकळी जागा काढायला हवी, म्हटलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग पुण्यात लावला होता तसाच तो कॉल होईल. चार सेकंदांत ठेवतील."

"ठेवू देत. ते थांबत नाहीयेत अभिजित, ते उत्तर देताहेत."

"आमच्या घरी आई फोन उचलून फक्त 'बोल' म्हणते," तो म्हणाला. "त्यावर कोणाला काही विकता येणार नाही. तुमच्याकडे येतं. यात चूक कोणाची, ते मला खरंच कळत नाही." तो थट्टा करत नव्हता.

मसालेवाल्यांनी बदल नाकारला. मी त्या कामातून बाहेर पडले, छत्तीसगड दुसऱ्या कोणाकडे गेलं. मी आता पाण्याच्या पंपांचं लिहिते. तो आवाज अजून तुमच्या फोनवर येतो, हे मला माहीत आहे. बसमध्ये बसल्या बसल्या मधेच आठवतं, की आत्ता दारव्ह्यात किंवा आर्णीत कोणीतरी हातातलं काम टाकून त्याला उत्तर देत असेल. मग उतरायचा थांबा निघून जातो. फ्लॅटवर येऊनही एका जागी बसवत नाही, भांडी पुन्हा घासते, पडदे उगाच सरकवते. त्या दिवसांत आईला रोज फोन करत होते आणि रोज दुसऱ्याच गोष्टी बोलत होते. असे तीन आठवडे गेल्यावर सुट्टी टाकली आणि घरी गेले.

दुपारी आई तूर निवडत होती. बाबा झोपले होते. मी सगळं सांगितलं, तिचे निरोप पाठवले इथपासून. तिने सुपावरून मान वर केली नाही.

"म्हंजे तो आवाज माहा होता."

"हो. त्या बाईने तुझ्यावरून उचलला."

बराच वेळ ती खडे वेचत राहिली. तिने रागवावं म्हणून मी वाट पाहत होते, तेवढाच भार उतरला असता. ती म्हणाली, "मंग मले तो शालूचा काऊन वाटला?"

सूप बाजूला ठेवून तिने पदराने हात पुसले. "एकडाव मी लावला. आता तू लाव. केलं तू हाय, तूच सांग तिले."

इतकी वर्षं मी अनोळखी माणसांना काय म्हणावं हे लिहीत आले होते. सख्ख्या मावशीला काय म्हणावं ते सुचेना. जेवलीस का, हे तर आता माझ्या तोंडून कोणी खरं मानणार नव्हतं. शेवटी नंबर लावला आणि पहिल्यांदा नावच सांगितलं. मावशी, मी बोलून राहिली, प्रज्ञा. किती वर्षांनी ते तसं तोंडात आलं. मग न थांबता सगळं सांगून टाकलं. कंपनी, मसाला, आईचा आवाज, आईला तूच वाटलीस ते, आईने सांगितलेली वांग्याची भाजी.

तिने फोन ठेवला असेल असं वाटलं.

"तो फोन मलेही आला होता," मावशी म्हणाली. "दोनदा आयकला मी." मग विचारलं, "हे तू कंपनीकडून सांगून राहिली, का घरून?"

"घरून, मावशी."

"मंग मायले दे फोन."

मी फोन आईच्या हातात दिला. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि नुसतं "हं" म्हणाली. दोघींपैकी आधी कोण काय बोलणार, हे ऐकण्यासाठी माझा जीव कासावीस झाला होता. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मी आजवर विचारलेलं नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढंच आहे, जिथलं बोलणं मी ऐकून कुठे नेणार नाही.