नानासरांची उलटी यादी

मॅचच्या आधी नानासर संघाची नावं उलटी वाचायचे. सगळ्यांत कच्ची पोर पहिली, चेंडू टाकणारी पिचर शेवटी. सुरतेत बमरोलीच्या मैदानावर आमच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवणारा हा माणूस एरवी लूमच्या खात्यात यंत्रमागावर पाळी करायचा. जन्म खडखडाटात गेलेला, त्यामुळे नुसतं "पानी प्या" म्हणाले तरी रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायचा.

एकदा मी विचारलंच, "नाना, हे उलटं कशाला?"

"चांगली पोरले जागा आपोआप सापडस, मयुरीनी माय. कच्चीले आपलेच देनी पडस."

मयुरी माझी लेक. पहिल्या वर्षी ती नुसती बाकावर बसून होती. तेव्हा मीच पालकांच्या बैठकीत आवाज चढवला होता, की रोज घाम गाळणाऱ्या पोरी काय टाळ्या वाजवायला आणता का? नानांनी तिथल्या तिथे नियम केला. आठवडाभर सरावाला आलेली प्रत्येक मुलगी खेळणार. सराव बुडवला तर मग ती कितीही मोठी खेळाडू असो, तिला फक्त शेवटच्या दोन इनिंग. सगळ्यांनी हात वर केले. मी तर दोन्ही केले.

पुढे मयुरी पिचर झाली, आणि काय पिचर झाली! फायनलला राज्याच्या संघासाठी निवड करणारे येणार होते. पण फायनल नेमकी आखाजीच्या पाठोपाठ आली. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आम्हा खानदेशच्या लेकींचा सण. निंबाला झोके बांधलेले असताना मी सुरतेत बसून राहीन, हे शक्यच नव्हतं. सराव बुडवून मयुरीला आठवडाभर शिरपूरजवळच्या माहेरी घेऊन गेले, झोके घेतले, आमरस हाणला आणि मॅचच्या सकाळी मैदानावर हजर झाले.

नानांनी नावं वाचली. पहिलं कोमलचं. घरी साड्यांचे धागे कापून रोज धापा टाकत येणारी ही पोर, पण चेंडू हातात टिकेल तर शपथ! मयुरीचं नाव आलंच नाही.

"नाना, माझ्या पोरीचं नशीब बसवता बाकावर?" मी कडाडले. "आज तरी सोडा तो नियम!"

"नियम शे, सगळास्ना करता शे. तुमना हात पहिले वर व्हता."

मी मयुरीकडे वळले. म्हटलं, ही तरी रडेल, हट्ट करेल. ती बुटाची नाडी बांधत म्हणाली, "मम्मी, जाने दे ना. मी याच नियमाने खेळायला लागले."

शेवटच्या दोन इनिंगला मयुरी उतरली आणि आम्ही एका रनने पुढे गेलो. समोरच्यांची शेवटची बॅटिंग, दोन बाद, दोघी बेसवर. एक उंच चेंडू उडाला तो थेट कोमलकडे. तिने दोन्ही हात पसरले. चेंडू हाताला लागून खाली पडला आणि दोघीही धावत होम बेसला पोचल्या, दोन रन झाले.

आम्ही हरलो. निवड करणारे मयुरीचं नाव न घेताच निघून गेले. मला रागाने रडू फुटलं. नानांचाच डोळा चुकवून मी पोरीला घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला कोमल येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आली. डोळे सुजलेले, पण आली. नानांनी सरावाच्या मॅचसाठी नावं वाचली. "पहिली, कोमल." मी काही बोलणार, एवढ्यात मयुरीने आपला ग्लोव्ह कोमलच्या हातात घातला आणि तिच्याकडे उंच चेंडू फेकायला लागली.

पुढल्या वर्षी मयुरीची निवड झाली. त्या वर्षी आखाजीला आम्ही सुरतेतच होतो, आणि माहेरची आठवण येऊन मी नानांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

यंदा छातीने साथ सोडली म्हणून नाना गावी परत गेले. निघताना मला म्हणाले, "आते नावं तुम्ही वाचा. भांडता तर येस तुमले."

परवाच्या मॅचला एक आई पदर खोचून माझ्या अंगावर आली. तिची पोर सगळ्यांत जोरात मारते आणि आठवडाभर लग्नाला गेली होती. मी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग पोरींकडे वळले आणि नानांएवढा नाही, पण जमेल तेवढा आवाज काढला.

"पहिली, कोमल."