तिसऱ्या तासाची वाट

धाकट्या जावेची मुलगी माझ्या हातातून पडली, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मंगरूळपीरजवळ आमचा भाजीचा मळा. जाऊ मेथीच्या जुड्या बांधायला गेली की पोरगी माझ्याकडे असायची. तिला न्हाऊ घालणं, काजळ लावणं, झोपवणं सगळं मीच करायचे.

त्या दुपारी जेवून अडीच-तीन तास झाले असतील. तिला कडेवर घेऊन ओसरीत उभी होते. अचानक दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. खाली बसायला पाहिजे एवढं कळलं, पण बसण्याआधीच डोळ्यांपुढे अंधार झाला.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई माझ्या तोंडात साखरेचं पाणी घालत होत्या आणि पोरगी किंचाळत होती. तिचा डावा हात मोडला होता. जाऊ धावत आली, लेकीला उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता माह्या लेकराले हात लावू नका."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

अशा चकरा दोन-तीन वर्षांपासून यायच्या. साखरेचं पाणी किंवा गोड चहा पोटात गेला की पाच-दहा मिनिटांत मी उठून कामाला लागायचे. म्हणूनच कोणाला ते खरं वाटत नसे. "साखर भेटली का झाली बरी," सासूबाई म्हणायच्या. शेजारणी म्हणायच्या, लेकरू नाही, म्हणून मनाला लागलंय. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. वाशिमच्या डॉक्टरांना फिटची शंका आली, तिथे डोक्याचा फोटो काढला. उपाशीपोटी साखर तपासली. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळायचं, "रिपोर्ट नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." रिपोर्ट चांगला म्हणजे मीच खोटी.

पोरीच्या हाताला प्लास्टर घातल्यावर आठवड्याभरात दीर-जावेनं वाशिमला खोली केली. दीर म्हणाले, कामासाठी चाललो. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या नवऱ्यानं मला एका शब्दानंही टोचलं नाही. एक दिवस एवढंच म्हणाला, "चाल, अकोल्याले दाखवू. हे बी शेवटचं."

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान असतील. त्यांनी आधीच्या कागदांची पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "जेवल्यावर किती वेळानं होतं?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी माझी मान बघितली. मागून ती काळी पडली होती. "ही कधीपासून?" मी लाजेनं पदर ओढला. त्या काळेपणासाठी मी बेसन, लिंबू, घासणी सगळं करून बसले होते. "घाण नाही ती," त्या म्हणाल्या, "शरीर काहीतरी सांगतंय." पाळीबद्दलही त्यांनी विचारलं. ती दोन-दोन महिने यायची नाही.

त्यांनी पाच तासांची तपासणी लिहून दिली. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, मग पेलाभर गोड पाणी प्यायला दिलं. त्यानंतर ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा सुई. पहिल्या तासाला काही नाही, दुसऱ्यालाही नाही. मी खाटेवर पडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, येऊ दे, आज चक्कर येऊ दे. नाही आली तर पुन्हा नॉर्मल.

तिसऱ्या तासाला बोटं थरथरली. मानेवर घाम आला. मी नर्सला हाक मारली, "बाई, आलं! लवकर रक्त घ्या!" तिनं रक्त घेतलं आणि आकडा बघून धावत डॉक्टरीणबाईंना बोलावलं. साखर पन्नासच्या खाली गेली होती.

नवरा आत आला तेव्हा मी रडत होते.

"काहून रडून राह्यली? खराब निघालं काय?"

"निघालं," मी म्हटलं. "काहीतरी निघालं."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्तीचं तयार होतं आणि खाल्ल्यावर काही वेळानं साखरेला पार खाली ओढतं. गोड पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण नुसत्या गोडावर राहिलं की तेच चक्र पुन्हा सुरू होतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं, डाळ, फुटाणे, अंडी वाढवायची, साखरेचा चहा बंद, जेवल्यावर चालायचं, आणि एक गोळी.

"पाळीचं बी याच्याचमुळं?" मी विचारलं. "लेकरू नाही राह्यलं ते?"

"संबंध असू शकतो."

"आधी समजलं असतं तर?"

त्यांनी रिपोर्टची घडी घालून माझ्या हातात दिली. "ते आता कोणीच सांगू शकणार नाही," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये नवऱ्यानं फुटाण्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

पुढच्या रविवारी रिपोर्ट घेऊन मी एकटीच जावेकडे गेले. तिनं चहा बिनसाखरेचा केला, म्हणजे बातमी पोचली होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता रडली. "मले समजते, बाई. तुमचा गुन्हा नाही. पण तुमी तिले घेतलं का मले तेच दिसते. मले भेव वाटते."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

आता चकरा क्वचितच येतात. पाळी नियमित झाली आहे, पण दिवस राहिले नाहीत. पोरगी चार वर्षांची झाली, हात चांगला जुळला. सणाला येतात तेव्हा ती माझ्याशेजारी बसून मटार सोलते, अर्धे खाते आणि सारखी प्रश्न विचारते. जाऊ काही ना काही काम काढून तिथेच बसते. मीही पोरीला जवळ ओढत नाही. जायच्या वेळी ती सगळ्यांच्या कडेवर जाते, आजीच्या, काकाच्या. मला तेवढा हात हलवून टाटा करते.