ओरखडा नसलेली मूठ

आत्याने एकतीस वर्षं लोकांचे कपडे आखूड केले, सैल केले, कमरेत घेतले. दुकान तिचं नव्हतं, पण मालक तीनदा बदलले तरी खिडकीजवळचं मशीन तिचंच राहिलं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की तोंडात टाचण्या धरून ती खाली बसायची आणि तशीच बोलायची, "कुठं टोचतं, कुठं दाटतं, आत्ताच सांगा. घरी जाऊन नवऱ्याला सांगून उपयोग नाही." जी गिऱ्हाइकं "छान आहे, छान आहे" म्हणत कपडा घेऊन जायची आणि पुन्हा कधी अंगाला लावायची नाहीत, त्यांच्यावर तिचा विशेष राग होता.

मग बोटांनी दगा दिला. आधी अंगठ्याचं मूळ, मग एकेक सांधा. डॉक्टरांनी संधिवात म्हटलं, मालकांनी "आराम करा" म्हटलं, आणि आत्या घरी बसली. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, मागे स्वयंपाकाचा कोनाडा, खिडकीत मशीन. लग्न राहून गेलं होतं. त्याचं तिला फार वाटत नसे. खोलीचं मात्र वाटे. या खोलीत चमचा जिथं ठेवला तिथंच सापडत होता.

गेल्या वर्षी ती भाजी घेऊन वर आली आणि किल्ली फिरेना. कुलूप जुनं, दोन वेढ्यांचं. डाव्या हाताने झालं नाही, उजव्याने झालं नाही, रुमाल गुंडाळूनही झालं नाही. तीन तास ती जिन्यावर बसून राहिली. खालच्या मजल्यावरचा माणूस कामावरून आला तेव्हा त्याने दार उघडून दिलं आणि चांगुलपणाने तिच्या भावाला फोनही करून टाकला.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. दुसऱ्याच दिवशी आला, उभ्याउभ्याच बोलला.

"ताई, आणखी एकदा असं झालं की खोली सोडायची. भिंगरीच्या खोलीत दुसरी कॉट मावते. मी माप घेतलंय."

"माप घेऊनच आलास होय?"

"चेष्टा नको. उद्या आत अडकलीस तर?"

भावाकडे तिला कुणी छळणार नव्हतं. भावजय चांगली होती. इतकी चांगली, की आत्याच्या हातून चहाचं भांडं काढून घ्यायची. दोन दिवसांच्या मुक्कामातच आत्याला आपण घडी करून कपाटात ठेवलेल्या पांघरुणासारख्या आहोत असं वाटायला लागायचं.

भिंगरी ही भावाची मुलगी. लहानपणी दुकानात मशीनखाली चिंध्यांत खेळलेली. एका जागी बसायची नाही म्हणून आत्यानेच ठेवलेलं नाव. आता ती प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतःची एक वस्तू काढायची असते. कुणाची नक्कल नाही, बाजारात असलेली नाही, आणि खऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीवरची. वर्गातली मुलं अडचण शोधत गावभर हिंडत होती. भिंगरीला ती घरातच सापडली. दुखऱ्या बोटांना किल्ली फिरवता येईल अशी मूठ ती करणार होती.

"बघच तू. बाबांची बोलतीच बंद करते," ती म्हणाली.

तिने आधी मातीच्या सहा मुठी आणल्या. कुणी अंड्यासारखी, कुणी विळ्याच्या दांड्यासारखी, एक तर थेट वांग्यासारखी. आत्याने एकेक हातात घ्यायची आणि बोलायचं, असं ठरलं. आत्या मुठीकडे कमी आणि भिंगरीच्या तोंडाकडे जास्त बघत होती. विळ्याच्या दांड्याशी पोरीचे डोळे चमकले.

"ही छान आहे," आत्या म्हणाली.

"खरंच? अंगठ्याला लागत नाही?"

"छे! लोण्यासारखी आहे."

मग तीच मूठ फोममध्ये झाली, मग कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर, पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकमध्ये. किल्ली आत खोचायची, पितळी स्क्रू आवळायचा आणि दांडा तळव्याने ढकलायचा. भिंगरीने स्क्रू आवळून दिला आणि एक वही दिली. चाळीस दिवस, दिवसातून दोनदा. कुलूप लावायला किती सेकंद, उघडायला किती, दुखलं तर दहापैकी किती.

"इमानदारीत भर हं, आत्या. सगळी मदार यावर आहे."

भिंगरी जिना उतरून गेल्यावर आत्याने दार ओढलं आणि मूठ लावली. अर्धा वेढा फिरला. मग अंगठ्याच्या मुळातून अशी कळ उठली की कोपरापर्यंत गेली, आणि दांडा हातातून सटकला. तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा तिने मूठ काढून बटणांच्या डब्यात ठेवली, पेन कसंबसं दोन बोटांत धरलं आणि वहीत लिहिलं: बारा सेकंद. दुखणं एक.

खरं सांगायचं तर त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. पण फोन केला तर पोरीची चार महिन्यांची मेहनत वाया, आणि ती हिरमुसून घरी बोलणार, आणि भाऊ कॉट घेऊन हजर. उद्या सांगू म्हणता म्हणता वहीची पानं भरत गेली. शिवणकामातली शिस्त होती, त्यामुळे खोटंही नीटनेटकं झालं. बारा, अकरा, तेरा, पुन्हा अकरा. एका दिवशी गार वारं होतं म्हणून तिने दुखणं तीन लिहिलं आणि आपल्या हुशारीवर स्वतःच हसली.

जिन्यावरच्या त्या दिवसापासून बाहेर जाताना ती दार नुसतं ओढून घेई. चौकट जरा आवळ होती, त्यामुळे बंद दिसे. खालच्या दुकानापर्यंतच जायचं आणि जीव मुठीत धरून परत यायचं. रविवारी भिंगरी येई तेव्हा दार आधीच उघडं असे. व्हिडिओ घेऊ म्हटलं की आत्याचे केस विंचरलेले नसत, नाहीतर उजेड बरा नसे.

चाळीस दिवस संपले. मुठीतली किल्ली आत्याकडे ठेवून, वही आणि मूठ घेऊन भिंगरी नाचत कॉलेजात गेली.

चौथ्या दिवशी दुपारी ती परत आली. दारातच उभी राहिली. तिच्या हातात मूठ होती.

"आत्या, हिने कुलूप लावून दाखव."

"आत्ता? अगं, बस तरी. पाणी—"

"आत्ता."

"वापरते की मी. लिहिलंय ना सगळं?"

"लिहिलंयस." भिंगरीने मूठ टेबलावर ठेवली. "कार्यशाळेतल्या काकांनी बोट फिरवलं हिच्यावरून. नुसतं बोट. म्हणाले, ऐंशी वेळा किल्ली फिरलीय आणि आत साधा ओरखडा नाही? ही वापरलेलीच नाही. मग मॅडमनी व्हिडिओ मागितला. तोही नाही. सगळ्यांसमोर म्हणाल्या, वही घरी बसून तूच भरलीस."

आत्या खुर्चीत बसली.

"मी म्हटलं, माझी आत्या खोटं लिहायची नाही," भिंगरी म्हणाली.

खाली कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

"टोचतं," शेवटी भिंगरी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "एवढा एक शब्द. तोंडात टाचण्या धरून दुनियेला शिकवायचीस ना? आणि मला म्हणे लोण्यासारखी! मी सहा केल्या होत्या गं. साठ केल्या असत्या."

"तुझा चेहरा पडला असता, बाळ."

"मग पडू द्यायचा! आता काय झालं? उद्या अकरा वाजता बाबांना घेऊन बोलावलंय. बनवाबनवी सिद्ध झाली तर वर्ष गेलं."

आत्याला समोरचा पेच आता स्वच्छ दिसला. वही मी भरली असं सांगायचं तर ते भावासमोर सांगावं लागणार. आणि भावासमोर सांगितलं की खोली गेली.

भिंगरीलाही ते दिसलं असावं. तिने नाक पुसलं. "राहू दे. मी सांगते, मीच भरली. एक वर्ष जाईल, दुसरं काय? तुझी खोली तरी राहील."

यावर लगेच "नाही" म्हणायला हवं होतं. आत्याने तोंड उघडलंही. पण नजर खिडकीतल्या मशीनकडे गेली, तिथून कोनाड्यातल्या एकुलत्या कपाकडे गेली, आणि शब्द यायला उशीर झाला. तेवढ्यात भिंगरीने मूठ उचलली आणि ती निघून गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू येत होती. आत्याने हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउजची वरची दोन बटणं लागली नाहीत, म्हणून तिने अंगावर शाल घेतली आणि दार ओढून घेतलं. खालच्या दुकानापलीकडे ती कित्येक महिन्यांत गेली नव्हती. वाटेत दोनदा वाटलं, कुणी आत शिरलं असेल. दोन्ही वेळा ती पुढेच चालली.

कॉलेजच्या लांब हॉलमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या वस्तू मांडल्या होत्या. घडी होणारा पाळणा, आंधळ्या माणसाला बोटांनी वाचता येईल असं औषधांचं खोकं, बसायला फळी असलेली काठी. प्रत्येक टेबलामागे न झोपलेलं एक पोर. एकजण काठीवर बसून दाखवत होता आणि काठी त्याला हळूहळू खाली नेत होती. त्याचा मित्र म्हणाला, "हीच तर खासियत आहे. बसवते आणि निजवतेही." भिंगरीचं टेबल रिकामं होतं.

आत खोलीत मॅडम, कार्यशाळेतले काका, भिंगरी आणि भाऊ होते. भाऊ मान खाली घालून बसला होता. भिंगरी म्हणत होती, "हो मॅडम, मीच—"

"ती वही मी भरली," आत्या दारातून म्हणाली. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खोटी. पोरीला काही ठाऊक नव्हतं."

भाऊ उठला. "ताई? तू एकटी आलीस? आणि दार?"

"दार उघडं आहे. गेले कित्येक महिने उघडंच आहे."

मॅडमनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. "बसा. असं का केलंत तुम्ही?"

आत्याने भावाकडे पाहिलं. "कुलूप लावता येत नाही म्हटलं असतं तर मला घरातून उचललं असतं."

काकांनी फळीवर ठोकलेलं कुलूप आणून टेबलावर ठेवलं. आत्याने मूठ लावली. अर्धा वेढा झाला आणि कळ आली. यावेळी तिने लपवलं नाही, चांगली मोठ्याने "आई गं!" म्हणाली. भावाने मान फिरवली.

"कुठं?" मॅडमनी विचारलं.

"इथं. अंगठ्याच्या मुळाशी. दांडा उलट्या बाजूला हवा. आणि मनगट वळतच नाही माझं. ते न वळवता, वरून खाली दाबून फिरलं पाहिजे. मातीची होती ना ती, वांग्यासारखी, ती त्यातल्या त्यात बरी होती."

भिंगरीने कागद ओढला आणि लिहू लागली. आत्याकडे तिने पाहिलं नाही.

काका म्हणाले, "मी म्हणतो, सरळ कुलूपच बदलून टाका ना."

"बदलेन हो. पण बरणीचं झाकण? नळ? ही बटणं?" तिने शाल बाजूला केली. "कुलूप एकच आहे. हात दिवसभर लागतात."

भावाने ती न लावलेली बटणं पाहिली.

बनवाबनवीचा आरोप मॅडमनी मागे घेतला. पण चाचणी रद्द केली आणि तिचे गुण गेले. मूठ पुन्हा करायची, पुन्हा तपासायची, एकवीस दिवसांत, त्याच माणसाच्या त्याच दारावर. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. भिंगरी "हो" म्हणाली, आत्याजवळून हॉलमध्ये गेली आणि रिकाम्या टेबलाशी पाठमोरी उभी राहिली. आत्या तिच्या मागे गेली.

"काल मी गप्प बसले," आत्या म्हणाली.

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली. "रविवारी येते. माती घेऊन." आवाजात माया नव्हती. पण ती येणार होती.

भावाने आत्याला घरी पोचवलं. वाटभर तो रस्त्याबद्दल बोलला, सिग्नलबद्दल बोलला. तिसऱ्या मजल्यावर दार जसं ओढलं होतं तसंच होतं. आत सगळं जागच्या जागी. तो खिडकीशी गेला आणि मशीनच्या फळीवर वीत ठेवून मापू लागला. एक, दोन, अडीच.

"हे काही आमच्या दारातून जायचं नाही," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघून बोल."

तो वळला. चेहरा रडवेला झाला होता. "ताई, कित्येक महिने उघड्या दाराने राहिलीस तू. मी काय करू, सांग?"

"एकवीस दिवस दे. भिंगरीचं होऊ दे. तिला हेच दार लागतं. मूठ फिरली तर पुन्हा बोलू. नाही फिरली तर तू म्हणशील तिथं कॉट टाक."

त्याने मान हलवली. इतक्या पटकन हलवली की आत्याला कळलं, त्याने उत्तर आधीच ठरवलंय. मूठ फिरली काय, न फिरली काय.

निघताना तो दाराशी थांबला. खुंटीवरची किल्ली कुलपात घालून त्याने उगीच फिरवून पाहिली. दोन्ही वेढे सहज, बोलता बोलता. "तेल मात्र चांगलं आहे हं याला," म्हणत त्याने किल्ली काढली आणि सवयीने आपल्या खिशात टाकली.

"किल्ली," आत्या म्हणाली.

"अं? नाही, म्हटलं, माझ्याकडे एक असलेली—"

"एकच आहे."

तिने हात पुढे केला. बोटं पुरती सरळ होत नव्हती, त्यामुळे तळवा उथळ वाटीसारखा दिसत होता. भावाने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि किल्ली त्यात ठेवली. मग तिच्या बोटांभोवती आपली बोटं घालून ती मिटवू लागला.

"आवळू नकोस," आत्या म्हणाली. "दुखतं."