आगाऊ पैशांचं लग्न

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानेच टाकते, त्याबद्दल माफी असावी. हे कोणाला दाखवायचं नाही, मग माफी कोणाची मागते ते मलाच कळत नाही. पण न मागता लिहायला बसले तर हात चालत नाही.

धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलंय. परवा ती आली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्याकडून शिकायला आलेय. आई सांगते, तिच्या लग्नात कोणाच्या कपाळाला आठी पडली नव्हती, सगळं आपोआप झालं. कसं केलंत गं तुम्ही?"

मी म्हटलं, "झालं बाई." एवढंच बोलले. बहीण सांगते ते खोटं नाही. तिच्या कपाळाला खरंच आठी पडली नव्हती.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. हे गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रावर होते आणि मी खानावळ चालवत होते. खानावळ म्हणजे आमचीच एक खोली. बायकामुलं कोकणात ठेवून आलेले बारा-चौदा कामगार पाळीप्रमाणे दोन वेळा येऊन पाटावर बसायचे, भात, आमटी, बांगडा जेवायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. मी वाढायची, पण बोलायची नाही. भात हवा की नको ते त्यांनी हातानेच दाखवायचं.

वडील वारले होते, म्हणून बहिणीचं लग्न आमच्यावर आलं. माझं मागणं एकच होतं, कर्ज नको. माझ्या लग्नाला वडिलांनी गावच्या सावकाराकडून पैसे घेतले होते. तो दर महिन्याला येऊन ओटीवर बसायचा, चहा मागायचा आणि आई मागच्या दाराने शेजारी निघून जायची. मी माहेरी गेले की माझ्याकडे बघून म्हणायचा, "हीच ना ती? महाग पडली हो." माझ्या बहिणीला असं कोणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

हे म्हणाले, "या लग्नात डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. पहिल्यापासून नीट आखायचं." हे तेव्हा सभांना फार जायचे, त्यामुळे कुठलीही गोष्ट सभा भरवूनच आखायची असते असं यांचं मत झालं होतं. एका रविवारी जेवणं झाल्यावर यांनी सगळ्यांना बसवून ठेवलं आणि मांडलं की प्रत्येकाने लग्नानंतरच्या दोन महिन्यांच्या जेवणाचे पैसे आगाऊ द्यावेत.

"हे कर्ज नव्हे," हे म्हणाले. "व्याज नाही, कागद नाही, सावकार नाही. जेवणार तर तुम्ही आहातच."

जेवणाऱ्यांत एक जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम होते, वयाने आणि आवाजाने सर्वांत मोठे. ते माझ्या चुलीपुढच्या पडद्याकडे बघून म्हणाले, "वयनीनू, काळजी करू नकात. आम्ही आसंव मा!" मग सगळेच म्हणाले. यांच्या शेजारच्या साच्यावर काम करणारा एक जण तेवढा काही म्हणाला नाही. तो माझ्यासारखाच अबोल. त्याने सगळ्यांत आधी पैसे पाटावर ठेवले आणि गेला.

दोन महिन्यांचे पैसे लग्नात गेले, तर दोन महिने तांदूळ कशाने आणायचा, हे मला तिथेच सुचलं होतं. पण एवढ्या पुरुषांच्या सभेत मी पडद्यामागून ओरडणार कशी? सभा उठल्यावर यांना विचारलं.

"आधी लग्न तर होऊ दे," हे म्हणाले. "आत्ताच ताप कशाला?"

आखणीत तापाला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून फरक कळायला लागला. आधी आमटीत मीठ विसरलं तरी मुकाट जेवणारी माणसं आता घास थांबवून सांगू लागली, "वयनी, आज आमटी जराशी पातळ." प्रत्येकजण आपल्याला नवरीचा मामा समजत होता. नवरा मुलगा माटुंग्याला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. यांनी त्याला पाहून पसंत केलं होतं, तरी जॉबर दोघांना घेऊन कारखान्याच्या फाटकाशी जाऊन त्याला बघून आले आणि म्हणाले, "चालतो बरा. वाकत नाही." मुलाकडच्यांनी यांना विचारलं, "मुलीला मामा किती?" हे म्हणाले, "मोजावे लागतील."

गोडाचं काय करायचं यावर चार जेवणं वाद चालला. जॉबरांचं म्हणणं बुंदीचे लाडू, ते उरले तरी टिकतात. भजनाला बसणारे एक बुवा होते, त्यांना जिलबी हवी होती. शेवटी बुवा ताट बाजूला सारून मूठ वर करून ओरडले, "जिलबी!" आणि सगळी पंगत एका सुरात, "झालीच पाहिजे!" खालच्या मजल्यावरची माणसं मोर्चा निघाला असं समजून गॅलरीत आली. जॉबर म्हणाले, "चळवळीच्या नावावर जिलबी खाताय, लाज धरा." पण मत पडलं ते जिलबीलाच.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी शिरा म्हटलं असतं.

लग्न चाळीच्या चौकात झालं. मामांनी भायखळ्याहून भाजी डोक्यावर आणली, पाणी भरलं, मांडव बांधला, वाढलं आणि आपल्याच पैशांचं पोटभर जेवले. बहीण शेजारच्या खोलीत बसून नटली आणि वेळेवर उभी राहिली. कुठे वाद नाही, उसनवारी नाही. निघताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, कसं गं सगळं सहज झालं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे नेहमीसारखे जेवायला आले.

तेव्हा मला समजलं की आपण काय केलं. गावचा सावकार महिन्यातून एकदा यायचा आणि चहावर भागायचं. माझे सावकार दिवसातून दोनदा यायचे आणि मासळी मागायचे. आई मागच्या दाराने जायची, माझ्या खोलीला मागचं दारच नव्हतं. यांचा सगळा पगार तांदूळ-मासळीत जायला लागला. वाण्याकडे उधारी करायची नाही हा माझा हट्ट होता, म्हणून मी पापड लाटून दादरच्या एका दुकानात द्यायला लागले. हरताळ पडला की गिरणी बंद आणि पगार कापला जायचा, पण भूक काही हरताळ पाळत नव्हती. घरी बसून माणूस जास्तच जेवतो.

त्यात खाड्याची रीत. जेवणारा सांगून गेला की तेवढ्या दिवसांचा खाडा धरायचा, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे मागाहून मिळत होते तोवर खाडा मला कधी जड वाटला नव्हता. आता पैसे आधीच घेऊन खर्चून बसले होते. आता खाडा पडला की माझं देणं तेवढं पुढे सरकायचं. शिमग्याला निम्मे गावी गेले. मी सुटले म्हणून चूल सारवली, तर आल्यावर जॉबर म्हणाले, "वयनीनू, आमचे खाडे धरलात मा?" बुवांनी तर आपल्या खाड्यांवर पाहुण्याला आणून जेवू घातलं.

तरी हळूहळू एकेकाचं फिटलं आणि पगाराला पुन्हा पैसे येऊ लागले. राहिला तो अबोल साचेवाला. तो सत्याग्रहात पकडला गेला. बाकीच्यांना अभिमान वाटत होता. मलाही वाटत होता, पण तो जितके दिवस आत तितके त्याचे खाडे, हेही मनात यायचं. सगळे विचारायचे, "कधी सुटणार?" माझ्याइतक्या कळकळीने कोणी विचारत नसेल, फक्त मी ते मनात विचारायची.

सुटून आला तेव्हा वाळला होता. मी न विचारता दोन वाढी जास्त घातल्या, त्या हिशेबात धरल्या नाहीत. तो जेवत होता आणि देणं उतरत होतं. एवढ्यात त्याला वडाळ्याला खोली मिळाली आणि तो गावाहून बायकोला घेऊन आला. आता खानावळीत कशाला जेवेल? दोघं निरोप घ्यायला आली. त्याची काही जेवणं अजून शिल्लक होती.

तो यांना म्हणाला, "उरलेलं राहू दे. लग्नाचा आहेर समजा."

हे म्हणाले, "तू म्हणतोस तर राहू दे." लगेच म्हणाले. मी पडद्याआड होते. मला तो गावचा सावकार आठवला आणि ते दोन शब्द, महाग पडली. हा माणूस तसं कधी म्हणाला नसता. पण म्हणायला जागा राहिली असती.

मी पापडाच्या पैशांतून उरलेल्या जेवणांचे पैसे मोजले आणि बाहेर आले. त्याच्या हातात द्यायला धीर झाला नाही, म्हणून बायकोच्या हातात ठेवले.

ती गोंधळली. "हे कसले?"

मी म्हटलं, "तुमच्या यजमानांच्या जेवणाचे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "जेवाण तुम्ही घातलात आणि पैसे पण तुम्हीच देतात? मुंबयत अशीच रीत आसा काय?"

हे हसायला लागले. तो कधी न हसणारा माणूसही हसला. मी म्हटलं, "मोजून घ्या." तिने मोजून घेतले. बरोबर होते. कोणाचं काही देणं राहिलं नाही.