ताप कधीपासून?

अमरावतीच्या त्या छोट्या लॅबमधल्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही. मी डेंग्यूच्या तपासणीसाठी गेलो होतो. माझ्या आधी वलगावची, झेंडू पिकवणारी एक मावशी बसली होती.

"ताप कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"कालपासून."

तपासणीच्या पट्टीचं पाकीट बाईंनी फोडलं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं. "इतक्या लवकर याच्यात काई दिसत नाई, मावशी. चार-पाच दिवस जावे लागतात. बरं, अंग तापलेलं असताना फुलं तोडाले किती दिवस गेल्या?"

मावशी आठवू लागली. "चार रोज गेली. दसरा तोंडावर, काय करू? काल मात्र उठणंच झालं नाई."

बाईंनी पाकीट फोडलं. थोड्या वेळानं पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मावशीला डॉक्टरांकडे धाडून त्या माझ्याकडे वळल्या.

"आपल्याकडं बाया ताप आल्यापासून नाई मोजत, भाऊ. आडव्या पडल्यापासून मोजतात. तुमाले कधीपासून?"

पहिल्या कणकणीपासून मोजलेले पाच दिवस मी छातीठोकपणे सांगितले. माझ्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे डेंग्यू नव्हता.

घरी बायको भाकरी थापत होती. तिचे डोळे लाल दिसले.

"तुले ताप हाय का?"

"आजच जराशी कणकण हाय."

मी तिच्याजवळ पाटावर बसलो. "तोंड कडू कधीपासून हाय?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"सोमवारपासून," ती म्हणाली. त्या दिवशी शनिवार होता.