अंबुजाच्या नावचं खातं

अंबुजाचं लग्न दुसऱ्यांदा व्हायचं होतं, आणि नवरा तोच. तंजावुरी मराठी घरांत पुरुषाला साठ वर्षं पुरी झाली की षष्ट्यब्दपूर्ती करतात. पुन्हा मांडव, पुन्हा होम, आणि त्याच बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र. रघुराम साठीचे होत होते. टी. नगरातला हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुलगा गिरिधर पुण्याहून यायचा होता आणि मुलगी वाणी रोज फोन करून नऊवारीचा रंग विचारत होती. घे गं तुला आवडेल तो, असं अंबुजा म्हणायची. ती सत्तावन्नची होती आणि तिचा डोळा होता स्वतःच्या साठीवर. त्या दिवशी तिची पेन्शन सुरू व्हायची होती.

आता घरी बसलेल्या बाईला कसली पेन्शन, असं कुणीही विचारेल. तर ऐका. अंबुजा एग्मोरच्या एका शाळेत सतरा वर्षं विज्ञान शिकवत होती. दोन हजार दहा साली सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं. कामाला ठेवलेली बाई चार दिवसांत पळायची, दुसरी आठवड्यात. शेवटी रघुराम म्हणाले, "नोकरी सोड. पीएफ बुडाला असं समजू नकोस. मी तुझ्या नावाने पेन्शनचं खातं उघडतो आणि दर महिन्याला दोन हजार घालतो."

आणि उघडलं, हे श्रेय त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. कमाई नसलेल्या बायकोच्या नावानेही असं खातं निघतं, त्यात नवऱ्याने भरलेलं चालतं, हे तेव्हा किती जणांना माहीत होतं? रघुराम नुंगंबाक्कमच्या एका कंपनीत हिशेबनीस. कायदेकानून तोंडपाठ. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात 'गृहिणी' लिहिलं आणि अंबुजाने खाली सही केली.

सात वर्षं तिने सासूबाईंचं सगळं केलं. कूस बदलणं, चमच्याने भरवणं, चादरी बदलणं, आणि वर त्यांची बोलणी खाणं. कंबर धरून यायची तेव्हा ती मनाशी म्हणायची, असू दे, माझंही काही साठतंय. देवळात बायका रिक्षाच्या पैशांसाठीसुद्धा नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो म्हणून रडायच्या, तेव्हा ही गप्प बसायची. खोटं कशाला बोला, जरा तोऱ्यातच बसायची. वर्षातून एकदा रघुरामांना विचारायची, "माझ्यात भरले ना?" ते पेपरातून मान न काढता म्हणायचे, "सगळं रीतसर आहे."

समारंभाला अकरा दिवस राहिले असताना दोघं बँकेत गेली. रघुरामांची पेन्शन ठरवायची होती आणि तिथे बायकोची सही लागत होती. रघुराम कसल्याशा झेरॉक्ससाठी खाली उतरले. समोरची तरुण अधिकारी मुलगी मोकळीच होती, म्हणून अंबुजाने पर्समधून आपलं कार्ड काढलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "माझंही जरा बघ ना, किती झालेत."

मुलीने बघितलं. मग पुन्हा बघितलं. "मामी, यात शेवटचा भरणा मार्च दोन हजार पंधराचा आहे. दरवर्षी थोडे तरी भरावे लागतात, नाहीतर खातं गोठतं. हे गोठलंय."

अंबुजाला आधी वाटलं, मुलीचं काहीतरी चुकलं. तिने नंबर पुन्हा वाचून दाखवला. नंबर बरोबर होता. शेजारी रघुरामांचे कागद उघडेच पडले होते, त्यावर वारस म्हणून नाव होतं गिरिधरचं. रघुराम वर आले तेव्हा ती उठून उभी होती, आणि जिथे दाखवली तिथे सही करून ती बाहेर पडली.

घरी येऊन तिने कॉफी केली नाही. एवढ्यावरूनच रघुरामांनी ओळखलं. पण ओशाळतील तर शपथ. उलट समजावायला बसले, ऑफिसात नव्या पोराला समजावावं तसे.

"हे बघ, त्या वर्षी सरकारने नवी सवलत दिली. पेन्शन खात्यात घातलेल्या पन्नास हजारांपर्यंत कर माफ. पण स्वतःच्या खात्यात घातले तर. बायकोच्या खात्यात कितीही घाला, वजावट शून्य. पाच वर्षं मी तुझ्यात बिनफायद्याचे घातलेच ना? मग ते माझ्यात वळवले. पैसे घरातच राहिले. मी काय जुगारात उडवले?"

"मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय फरक पडणार होता? माझं ते तुझंच."

"मग वारस गिरिधर कसा?"

"तुला कशाला त्या बँकेच्या भानगडी. तो सगळं करून तुझ्या हातात देईल."

चाळीस-चाळीस पोरींना विज्ञान शिकवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी नवऱ्याकडे मागा, मग मुलाकडे मागा, आणि मध्ये सात वर्षं कुणाची आई सांभाळली ते विसरून जा. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडा मांडला. महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस, अकरा वर्षांचे दोन लाख चौसष्ट हजार. व्याज तिने सोडून दिलं.

"एवढे माझ्या खात्यात भरा," ती म्हणाली.

"आता? एक पैसा कर वाचणार नाही, वर तुझी साठी होईपर्यंत अडकून पडतील. कुठलाही शहाणा माणूस असं करणार नाही."

"कर वाचत नाही म्हणून बंद केलेत. आता वाचत नसतानाच घाला. मला तेवढंच बघायचंय."

रघुराम म्हणाले, बघतो.

समारंभाच्या दोन दिवस आधी ते खुशीत घरी आले आणि फोन तिच्यापुढे धरला. खातं चालू झालं होतं. दंड आणि नियमाने लागते ती किमान रक्कम त्यांनी भरली होती, बस्स. हॉलच्या फुलवाल्याला आगाऊ दिलेले पैसे त्याहून जास्त होते. "झालं ना तुझं काम?" ते म्हणाले. अंबुजाने आकडा वाचला आणि फोन परत दिला. माणूस वाईट नव्हता हो, हेच तर दुखणं. वाईट असता तर तिने पहिल्याच वर्षी खातं तपासलं असतं.

समारंभाच्या सकाळी वाद्यारांनी, म्हणजे तिकडच्या भटजींनी, होम केला. दोघांना पाटावर बसवून नातेवाइकांनी कलशातलं पाणी डोक्यावर ओतलं. मग ओल्या कपड्यांनी दोघं आपापल्या खोलीत गेली. आता नवी वस्त्रं नेसून यायचं आणि मंगळसूत्र बांधायचं. मुहूर्त साडेदहापर्यंत होता. रघुराम रेशमी वेष्टी नेसून दहा मिनिटांत हजर झाले. अंबुजा आली नाही.

वाणी बघायला गेली, तर आतून कडी. "अम्मा, नेसवायला येऊ का?" आतून उत्तर आलं, "अप्पांना पाठव."

रघुराम आले. गळ्यात हार, कपाळावर घाम. "अंबुजा, लोक थांबलेत. वाद्यार ओरडतायत."

"दोन लाख चौसष्ट हजार," ती दाराआडून म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"हे असं अडवून धरणं शोभतं का?"

"पहिल्या लग्नात मला कुणी काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारायला आलात, तर सांगितलं."

वाणीला यातलं काही माहीत नव्हतं. ती आधी आईवरच चिडली. मग तिने वडिलांना खोदून विचारलं, आणि रघुरामांनी तीच वजावट, तीच सवलत पुन्हा सांगितली. ती ऐकून घेत होती. तिकडे नादस्वर वाजवणारे तेच तेच वाजवून कंटाळले होते. सव्वादहा झाले. वाणीने आपल्या पिशवीतून वडिलांचा फोन काढून त्यांच्या हातात दिला. "अप्पा, भरा," एवढंच म्हणाली.

रघुराम पेढीवर बसल्यासारखे भिंतीला टेकले आणि चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून आकडे घालत राहिले. एकदा चुकले. वाणीने नंबर वाचून दाखवला. बँकेचा मेसेज आला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अम्मा, गेले पैसे. सगळे."

कडी लगेच निघाली. अंबुजा नेसून, केस विंचरून, गजरा माळून तयार होती. तिने स्वतः मेसेज बघितला, शून्यं मोजली आणि मांडवाकडे चालू लागली. आपल्याला आता हलकं वाटेल, अशी तिची समजूत होती. पाटावर बसेपर्यंत ती वाट बघत होती. छातीवरचं ओझं तसंच होतं.

वाद्यारांनी घाईघाईने मंत्र म्हटले. रघुराम तिच्या मागे वाकले आणि पहिली गाठ मारताना कानाशी पुटपुटले, "आता तरी झालं ना मनासारखं?"

"नाही," अंबुजा म्हणाली. "कडी लावायच्या आधी घातले असतेत, तर झालं असतं."

रघुरामांचे हात थांबले. नादस्वर जोरात होता, अक्षता पडत होत्या, आणि तिने काय म्हटलं ते दुसऱ्या कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. अजून दोन गाठी आहेत, अशी वाद्यारांनी आठवण केली. रघुरामांनी त्या मारल्या. अंबुजा समोर होमाकडे बघत बसली होती.